ज्याच्या-त्याच्या खिशात दुसऱ्याचं कार्ड

बँकेत लोक लग्नाची ठेव मोडायला येतात, घराच्या कर्जासाठी आशेने येतात, पेन्शनच्या दिवशी तर एकमेकांना भेटायलाच येतात. माझ्या टेबलाशी मात्र कोणी खुशीत आल्याचं मला आठवत नाही. माझं टेबल एटीएम कार्डाचं होतं. कार्ड हरवलं, मशीनने गिळलं, पिन विसरला, पैसे बाहेर न येताच खात्यातून गेले, नाहीतर कोणीतरी गोड बोलून खातं साफ केलं, की माणूस माझ्यासमोर येऊन बसायचा. बसता बसता त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: तुमच्या बँकेनं माझे पैसे खाल्ले. मी पाण्याचा ग्लास पुढे करायची. पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही, हा या टेबलाचा पहिला धडा.

माझं घर नांदेडला आणि नोकरीची शेवटची काही वर्षं उदगीरला गेली. शनिवारी संध्याकाळी घरी जायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत यायचं. उदगीरला रुजू झाले त्या दिवशी मॅनेजर साहेब म्हणाले, “सोनकांबळे मॅडम, तुमचा आवाज फार शांत आहे. तुम्ही कार्डाचं टेबल बघा.” मला बरं वाटलं. नंतर समजलं की माझ्याआधीच्या दोघांनाही त्यांचा आवाज शांत असल्याचं सांगण्यात आलं होतं, आणि दोघांनीही वर्षाच्या आत बदली मागून घेतली होती.

फसवणुकीचे प्रकार पुष्कळ. त्यातला सगळ्यात साधा आणि गावोगाव चालणारा प्रकार म्हणजे कार्डाची अदलाबदल. खातं उघडलं की लगेच हातात मिळणाऱ्या कार्डावर ग्राहकाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. आमच्या बँकेची अशी हजारो कार्डं एकसारखी दिसायची. भामटा एटीएमशी घुटमळतो. वयस्कर माणूस आत शिरला की मदतीला जातो. “मशीन अडकून राहिलंय, द्या मी टाकतो,” म्हणत कार्ड हातात घेतो आणि त्याच रंगाचं दुसरंच कार्ड आत सरकवतो. माणूस आपला पिन दाबतो, भामटा मागून बघतो. कार्ड भलतंच असल्यामुळे मशीन नाही म्हणतं. मग तेच भलतं कार्ड अदबीने परत देऊन “उद्या या, आज कॅश नाही” असं सांगितलं, की काम झालं. खरं कार्ड आणि खरा पिन घेऊन तो पुढच्या गावाला जातो, आणि माणूस दुसऱ्याचं कार्ड जपून खिशात ठेवतो. कार्डाच्या नंबराकडे कोणी बघत नाही. माझ्याच कार्डाचा नंबर मला आजही सांगता यायचा नाही.

ही गोष्ट सुरू झाली ती शिवकांताअक्कांपासून. उदगीरला त्यांचं बांगड्यांचं आणि कटलरीचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून एकट्या चालवायच्या. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि बोलण्यात कुणाचीही भीड नाही. त्या दिवशी त्या फसवणुकीची तक्रार घेऊन आल्याच नव्हत्या. बँकेने आपला अपमान केला, ही त्यांची तक्रार होती. पिन तीनदा चुकल्यामुळे कार्ड बंद केल्याचा मेसेज त्यांना आला होता, आणि तो आला त्या वेळी त्या दुकानात एका नवरीला चुडा भरत होत्या.

मी कार्ड मागितलं. नंबर टाकून बघितला तर खातं जळकोटच्या शाखेतलं, आणि खातेदाराचं नाव गफूर.

“अक्का, हे कार्ड तुमचं नाही,” मी म्हणाले.

“माझंच हाय. रंग तर तोच हाय.”

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी एटीएममध्ये पांढऱ्या शर्टातला एक तरणा माणूस मदतीला आला होता. अक्कांनी पदर आडवा धरून पिन दाबला, त्यामुळे त्याला तो दिसला नाही. मशीनने नाही म्हटल्यावर त्याने पिन नंबर विचारला, मी टाकून बघतो म्हणाला. अक्कांनी नंबर सांगितला. सांगितले ते दुकानाच्या लाइटबिलावरचे शेवटचे चार आकडे.

मी विचारलं, खोटा नंबर का सांगितला, संशय आला होता का? अक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मीच अडाणी आहे.

“संशय कशाचा? आपला नंबर कोण कुणाला सांगतंय? पण लेकरू इतकं अदबीनं विचारून राहिलं होतं, न्हाई म्हणणं बरं दिसंना.”

केवळ शिष्टाचार म्हणून खोटं बोलून अक्कांनी आपलं खातं वाचवलं होतं. भामट्याने पुढच्या गावी जाऊन लाइटबिलाचा नंबर तीनदा दाबला आणि कार्ड बंद पडलं. पोस्टरं लावून, शिबिरं घेऊन आम्ही लोकांना जे शिकवू शकलो नाही, ते या बाईला उपजत येत होतं.

पण पैसे वाचले तरी जाच चुकत नाही. जुनं कार्ड कायमचं बंद करायला अक्का तयार होईनात, कारण त्यांना लातूरला माल भरायला जायचं होतं. नव्या कार्डासाठी अर्ज, आधारची प्रत, फोटो. अर्जावरची सही जुन्या सहीशी जुळेना, म्हणून सही बदलल्याचा वेगळा अर्ज. त्या अर्जावर पुन्हा सही, तीही तिसऱ्याच वळणाची. अक्का शेवटी म्हणाल्या की त्या चोराला एक तरी कागद भरायला लावला होता का तुम्ही? ज्याने कार्ड पळवलं त्याला कोणी काही विचारत नाही, आणि जिचं गेलं तिने आपण आपणच आहोत हे चार ठिकाणी सिद्ध करायचं, ही आमची रीत. मी ती वर्षानुवर्षं निमूटपणे पाळली.

अक्का गेल्यावर मी जळकोटच्या गफूर यांचं खातं उघडून बघितलं. दोन दिवसांत ते खातं रिकामं झालं होतं. कधी अहमदपूर, कधी लातूर, दर वेळी पिन बरोबर. त्यांची तक्रार मात्र कुठेच नोंदलेली नव्हती. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर जुना होता, तो आता भलत्याच कुणाकडे तरी लागत होता. म्हणजे या गृहस्थांना आपले पैसे गेल्याचा पत्ताच नव्हता.

जळकोट शाखेच्या शिपायाला विचारलं तर तो लगेच म्हणाला, “गफूरमास्तर का? बँडवाले. त्यांना कोण ओळखत न्हाई?” त्याने नवा नंबर दिला. मी फोन लावला, नाव सांगितलं, बँकेचं नाव सांगितलं, आणि तुमच्या कार्डाबद्दल बोलायचं आहे म्हणाले.

पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “मॅडम, तुम्ही चौथ्या. आधीच्या तिघींचा आवाज तुमच्यापेक्षा गोड होता.”

मी म्हणाले, मला ओटीपी नको, पिन नको, तुम्ही फक्त तुमच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे बघा. ते म्हणाले, कार्डाचा नंबर कुणाला सांगायचा नाही असं तुमच्याच बँकेच्या भिंतीवर लिहिलंय. मी म्हणाले, तुम्ही सांगू नका, मी सांगते. त्यावर ते म्हणाले, तुम्हाला माहीत आहे तर मला कशाला विचारून राहिल्या? आणि फोन ठेवला. ते पोस्टर मीच लिहून लावायला दिलं होतं. आपलं काम इतकं चांगलं झाल्याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

नियमाप्रमाणे मी जळकोट शाखेला कळवून मोकळं व्हायचं होतं. तसं मी कळवलं. पण जो माणूस माझ्या फोनवर विश्वास ठेवत नाही, तो शाखेच्या फोनवर का ठेवेल? दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांची परवानगी काढून मी जळकोटच्या एसटीत बसले.

गफूरमास्तर शाखेत आले ते तयारीनेच. साठीच्या घरातला उंच माणूस, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी आधी तिथल्या मॅनेजरकडून माझी ओळख पटवून घेतली, माझं ओळखपत्र उलटसुलट बघितलं, आणि मग फोनवर बोललो त्याबद्दल माफी मागितली. मी म्हणाले, माफी कशाची, सगळे तुमच्यासारखे वागले तर माझं टेबल बंद पडेल.

त्यांचं कार्ड क्लॅरिनेटच्या पेटीत, मखमलीच्या खाली ठेवलेलं होतं. त्यांनी ते दोन बोटांनी काढून माझ्यासमोर ठेवलं. नंबर बघितला. ते नांदेडच्या कुणा पत्तेवार यांचं होतं.

एटीएममध्ये गेला होतात का, असं मी विचारलं. शेवटच्या लग्नाची सुपारी खात्यात जमा झाली का ते बघायला गेले होते. पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाने ‘मामू, कार्ड असं धरा’ म्हणून मदत केली होती. मास्तरांनी त्याला दुवा दिली होती.

मग खात्यात किती राहिलंय ते मला सांगावं लागलं. या टेबलावर बसून मी रडणारी माणसं बघितली, शिव्या देणारी बघितली, एकदा एकाने माझा स्टॅम्प पॅड फेकून मारला होता. गफूरमास्तरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी कार्ड परत मखमलीखाली ठेवायला हात पुढे केला, मग ते आपलं नाही हे आठवून हात मागे घेतला.

“सीझन काय, परत येईल मॅडम,” ते म्हणाले. “पण मी पोरान्ला कोटाची मापं द्या म्हणून सांगून बसलोय.”

बँडसाठी बारा लाल कोट शिवायचे होते. जुने कोट कोपरापाशी विरले होते आणि लग्नवाले आता फोटो बघून बँड ठरवतात. त्या कोटांचेच पैसे खात्यात होते.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. मनात चीड होती आणि डोक्यात तीन नंबर फिरत होते. अक्कांकडे मास्तरांचं कार्ड, मास्तरांकडे पत्तेवारांचं. म्हणजे हा भामटा एकाचं कार्ड दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला असं देत चालला होता. मग पत्तेवारांकडे कुणाचं? त्यांच्या आधीच्याचं. आणि असं मागे मागे जात राहिलं तर पहिल्या माणसाला त्याने काय दिलं असेल? तेव्हा तर त्याच्याकडे चोरलेलं कार्ड नव्हतं. पहिलं कार्ड त्याला स्वतःच्या घरूनच आणावं लागलं असणार.

हे सुचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की उदगीरचं स्टँड आलं, गाडी रिकामी झाली, तरी मी बसूनच होते. कंडक्टरने बाई, डेपोत यायचंय का म्हणून विचारलं तेव्हा उतरले.

नांदेडला तसंही शनिवारी जायचंच होतं. रविवारी सकाळी मी पत्तेवार सरांच्या घरी गेले. सर मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या खात्यातून पैसे गेले होते, पासबुकात ते दिसल्यावर त्यांनी हेल्पलाइनला फोन करून कार्ड बंदही केलं होतं. पण त्यानंतर शाखेत आले नव्हते, तक्रार दिली नव्हती, नवं कार्ड मागितलं नव्हतं. असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होते.

मी बँकेतून आल्याचं सांगताच सरांनी मला घाईघाईने गॅलरीत नेलं आणि दार लोटून घेतलं.

“हळू बोला. हिला माहीत नाही,” सर म्हणाले.

लाजेचं कारण फार लांब नव्हतं. गॅलरीतल्या टेबलावरच पत्रकांचा गठ्ठा होता. त्यावर सरांचा फोटो आणि खाली ‘ज्येष्ठांनो, सावधान: कार्डाची फसवणूक कशी टाळावी’. सर दर महिन्याला कुठल्या तरी ज्येष्ठ नागरिक संघात हे व्याख्यान द्यायचे. असंच एक व्याख्यान देऊन, टाळ्या घेऊन, हातात नारळ आणि शाल घेऊन परत येताना रिक्षासाठी पैसे काढायला ते एटीएममध्ये शिरले होते. दोन्ही हात भरलेले बघून एका पांढऱ्या शर्टातल्या माणसाने नम्रपणे म्हटलं, सर, मी कार्ड टाकून देऊ का?

मी ओठ दाबून धरले. हसले असते तर कार्ड गेलं असतं. मी म्हणाले, सर, तुमच्याकडे जे कार्ड उरलं ते मला हवंय. सर म्हणाले, हेल्पलाइनवाल्या मुलीने त्याचे तुकडे करायला सांगितलं होतं, मी केले. मी कपाळाला हात लावला. पण सर चाळीस वर्षं शाळेत होते. त्यांनी आत जाऊन एक पाकीट आणलं. त्यावर लाल शाईत तारीख, ‘बाद कार्ड’ आणि सही. आत कात्रीने नीट सरळ रेषेत कापलेले चार तुकडे.

आम्ही दोघं ते तुकडे टेबलावर जुळवत होतो, तेवढ्यात दार उघडून सरांच्या पत्नी, सुशीलाकाकू, चहा घेऊन आल्या. सरांनी तुकड्यांवर पत्रक टाकलं आणि म्हणाले, “या मॅडम विम्याच्या आहेत.”

मग पुढचा अर्धा तास मी विमा विकला. काकूंनी बारीकसारीक प्रश्न विचारले: हप्ता किती, मोतीबिंदूचा खर्च त्यात धरतात का, गुडघ्याचं काय? मला विम्यातलं काही कळत नाही. मी सगळ्याला हो म्हणत गेले. जगात इतका उदार विमा कोणी कधी काढला नसेल. सर पत्रकावर हात ठेवून घाम पुसत होते.

निघताना काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. तिथे त्यांनी मागे वळून बघितलं आणि आवाज बारीक केला. “त्यांचे पैसे मिळतील का हो? मेसेज माझ्याच मोबाइलवर आले होते. मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नका. फार मानी आहेत.”

सोमवारी मी तुकड्यांवरचा नंबर मशीनमध्ये टाकला. खातं धर्माबादचं, नाव नरसाबाई. तीन महिन्यांपूर्वी कार्ड हरवल्याची तक्रार करून त्यांनी नवं घेतलं होतं. म्हणजे भामट्याच्या हातात सुरुवातीला हे मेलेलं कार्ड होतं, आणि अदलाबदलीला मेलेलं कार्ड पुरतं.

मॅनेजर साहेबांनी सगळे कागद पोलिसांकडे दिले. तिथले फौजदार तरणे, मिश्कील होते. एक कार्ड नांदेडात गेलं, एक जळकोटात, एक उदगिरात, पैसे अहमदपुरात निघाले. ते म्हणाले, चोर सापडला तर चार ठाण्यांत वाटून घ्यावा लागेल. पण दोन दिवसांनी त्यांनी धर्माबादला जायचं ठरवलं आणि कार्डाचं समजावून सांगायला मला सोबत घेतलं.

नरसाबाईंचा मिरचीच्या मोंढ्याशेजारी, म्हणजे घाऊक बाजाराला लागून, इडली-डोशाचा गाडा होता. हवेत मिरचीचा असा खाट की बोलण्याआधी आम्ही दोघंही शिंकत उभे राहिलो. फौजदार साध्या कपड्यांत होते. त्यांनी आधी इडल्या खाल्ल्या, मग ओळख सांगितली. मी विचारलं, जुनं कार्ड हरवलं तेव्हा ते कुणाच्या हातात होतं?

“अल्लुडूच्या,” त्या तेलुगूत बोलून गेल्या आणि माझं तोंड बघून म्हणाल्या, “जावई हो. पैसे काढून आण म्हणून दिलतं. हरवलं म्हणून रिकाम्या हातानं आला.”

बोलून झाल्यावर त्यांचा हात थांबला. तव्यावरचा डोसा कडेने काळा पडत गेला आणि त्यांनी तो उलटला नाही. मला वाटलं, आता या बाई म्हणतील की मला आठवत नाही. म्हणाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. त्यांची मुलगी पद्मा त्या माणसाच्या घरात होती, दोन लेकरांसकट.

“किती जणान्ला?” त्यांनी विचारलं.

मी नावं न घेता सांगितलं. बांगडीवाली एक बाई, एक बँडवाले, एक गुरुजी. बँडवाल्यांचे कोट राहिले, हेही सांगितलं. का सांगितलं ठाऊक नाही.

जावई आठ-आठ दिवस गायब असायचा, त्याचा फोन बंद असायचा. तो कुठे सापडेल, असं फौजदारांनी विचारलं. नरसाबाईंनी करपलेला डोसा खरवडून बाजूला टाकला, तव्यावर पाणी शिंपडलं.

“धोंड्याचा महिना हाय,” त्या म्हणाल्या. “जावयाला जेवायला बोलावते. अंगठी घालते म्हणून निरोप धाडते. कुठं बी असला तरी येतो. पण साहेब, पोटभर जेवू द्यायचं. आन लेकरांपुढं हात लावायचा न्हाई.”

फौजदारांनी दोन्ही गोष्टी कबूल केल्या.

त्या जेवणाला मी नव्हते, फौजदारांनी नंतर सांगितलं ते लिहिते. जावई नव्या पांढऱ्या शर्टात आला. पाटावर बसून त्याने तुपात बुडवलेले नऊ धोंडे खाल्ले. सासूने वाढण्यात हात आखडला नाही. पद्मा लेकरांना घेऊन शेजारी गेली होती. तिला आईने काय सांगितलं होतं कोण जाणे. जेवण झालं, टॉवेल-टोपी झाली, आणि अंगठीसाठी त्याने बोट पुढे केलं तेव्हा नरसाबाई म्हणाल्या, “अंगठी बाहेर हाय. तुझे पाहुणे घेऊन थांबलेत.”

त्याच्या खिशात एकच कार्ड सापडलं, आणि तेही त्याचं नव्हतं. देगलूरच्या एका कंपाउंडरचं होतं, आदल्या दिवशीच बदललेलं. फौजदारांनी त्या कंपाउंडरला फोन करून मी पोलीस बोलतोय, तुमचं कार्ड माझ्याकडे आहे असं सांगितलं. त्याने फौजदारांना अशा काही शिव्या दिल्या की त्या लिहून काढाव्यात असं वाटल्याचं ते म्हणाले. शेवटी त्याची समजूत पटली तेव्हा त्याने पाकिटातलं कार्ड काढून नंबर वाचला. ते शिवकांताअक्कांचं होतं.

इथे गोष्ट संपली असती तर मी मोठी हुशार ठरले असते. पण गफूरमास्तरांचं राहिलं. जावयाकडून निम्म्याच्या आसपास रक्कम वसूल झाली, तीही कोर्टातून मिळायला बराच काळ गेला. उरलेल्यासाठी मी त्यांच्या वतीने बँकेला तीन अर्ज केले. तिन्हीचं उत्तर एकच आलं: व्यवहार योग्य पिन वापरून झाला आहे, पिन जपणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे, सबब मागणी नाकारण्यात येत आहे. पत्रं इंग्रजीत यायची आणि ती मराठीत समजावून सांगायचं काम माझंच. सांगताना मी ती जरा मऊ करायची. तिसऱ्या वेळी मास्तर म्हणाले, “मॅडम, त्यांनी जसं लिहिलंय तसंच सांगा. तुम्हाला तरास होऊन राहिलाय.” माझ्या पूर्ण नोकरीत मला इतकं खजील कुणी केलं नाही. त्या वर्षी त्यांनी बारांपैकी सहाच कोट शिवले. लाल कोटवाले पुढे, जुने कोटवाले मागे. फोटोत पुढचेच दिसतात, असं त्यांनी मला हसत सांगितलं.

पत्तेवार सरांनी व्याख्यानं बंद केली नाहीत. आता ते ‘माझ्या ओळखीचे एक मुख्याध्यापक’ अशी सुरुवात करून सगळी हकीकत सांगतात. नारळ आणि शालीसकट. काकू पहिल्या रांगेत बसतात आणि त्या मुख्याध्यापकांबद्दल हळहळतात.

निवृत्तीच्या काही महिने आधी माझी बदली नांदेडला झाली. तिथे एका दुपारी नरसाबाई आल्या, सोबत पद्मा. अंगाने बारीक, खाली बघून बोलणारी पोरगी. मला तिच्याकडे बघायला धीर होईना. ती नवऱ्याला सोडून आईकडे राहायला आली होती, गाड्यावर निम्मं काम तीच करत होती. घरात काय काय झालं असेल याचा अंदाज मला होता आणि त्यात माझा हात होता. तिने त्यातलं काहीच काढलं नाही. तिला स्वतःच्या नावाचं खातं उघडायचं होतं. धर्माबादला शाखा असताना इथवर कशाला आलात, असं मी विचारलं. नरसाबाई म्हणाल्या, तुमच्याच टेबलावर उघडायचं होतं.

खातं उघडलं. कार्डाचं पाकीट तिच्या हातात देऊन मी तिला शेजारच्या एटीएममध्ये घेऊन गेले, पिन कसा टाकायचा ते दाखवायला. कुठलं बटण, नंतर कुठलं, सगळं सांगितलं. तिने कार्ड आत सरकवलं आणि हात खाली घेऊन नुसतीच उभी राहिली. मशीन पीं पीं करायला लागलं. काय झालं, कळलं नाही का, असं मी विचारलं.

“कळलं,” ती म्हणाली. “मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबा.”

मी बाहेर आले. माझ्यामागे दार लागायच्या आत तिचा आवाज ऐकू आला, “आई, तू बी.”

नरसाबाई बाहेर येऊन उन्हात माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. काचेवर बँकेची मोठी जाहिरात चिकटवलेली, आतलं काही दिसत नव्हतं. त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“हुशार निघाली,” त्या म्हणाल्या. “माझ्यावर गेली न्हाई.”